भरलेली डिस्क आणि दोन भागांत राहणारे संपादन : एका फोटो-कॅटलॉगचे प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. त्यातील आकडे एका मध्यम आकाराच्या संग्रहाला साजेसे धरलेले आहेत. त्यात आलेल्या फाईली, आज्ञा आणि त्यांचे परिणाम मात्र अडोबी लाइटरूम क्लासिक हा छायाचित्रे लावून ठेवण्याचा आणि संपादनाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या कोणालाही आपल्या संगणकावर पडताळून पाहता येतील.

परिस्थिती

पक्षी आणि वन्यजीव यांचे छायाचित्रण करणाऱ्या एका व्यक्तीची बारा वर्षांतली सुमारे ७६,००० छायाचित्रे एकाच कॅटलॉगमध्ये (लाइटरूमच्या नोंदवहीत) नोंदलेली होती. मूळ रॉ फाईली (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न झालेल्या) बाहेरच्या ४ टीबी हार्ड डिस्कवर आणि कॅटलॉग लॅपटॉपच्या ५१२ जीबी एसएसडीवर, अशी विभागणी होती. एसएसडीवर जेमतेम ९ जीबी जागा उरली, तेव्हा प्रोग्रॅम अडखळू लागला आणि बाहेर पडताना होणारा कॅटलॉगचा बॅकअप अर्धवट राहू लागला. जागा मोकळी करणे भाग होते, आणि काय काढायचे याचा एक बेतही छायाचित्रकाराने आखून ठेवला होता.

त्या बेताआधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. पहिली अशी, की बाहेरच्या डिस्कवरील तीन वर्षांचे फोल्डर छायाचित्रकाराने संगणकाच्या फाईल-व्यवस्थापकातून दुसऱ्या ठिकाणी हलवले होते, त्यामुळे लाइटरूममध्ये त्या फोल्डरांवर प्रश्नचिन्हे दिसत होती. दुसरी गोष्ट जुनी होती: २०२३ च्या अखेरीस लॅपटॉप बदलताना नव्या यंत्रावर फक्त ‘.एलआरकॅट’ या शेवटाची फाईल नेण्यात आली होती, आणि तेव्हापासून त्याआधीच्या काही छायाचित्रांमधील एआय मास्क (छायाचित्राच्या ठरावीक भागाची संगणकाने केलेली निवड) ‘अद्ययावत करा’ अशी सूचना दाखवत होते. ही किरकोळ कुरकुर समजून तिच्याकडे दुर्लक्ष झाले होते. आता आखलेला बेत असा होता, की कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये ज्या ज्या नावात ‘डेटा’ हा शब्द येतो ते सर्व काढून टाकायचे, कारण ते प्रोग्रॅम आपोआप पुन्हा तयार करतो अशी छायाचित्रकाराची समजूत होती. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि त्यामुळेच ती जास्त घातक ठरली असती.

फोल्डरची पाहणी

काहीही काढण्यापूर्वी फोल्डरमधील प्रत्येक गोष्टीचा आकार मांडून पाहिला. एकूण २३८ जीबीची फोड अशी निघाली: ‘प्रीव्ह्यूज.एलआरडेटा’ ९७ जीबी, ‘बॅकअप्स’ हा फोल्डर ६१ जीबी, ‘स्मार्ट प्रीव्ह्यूज.एलआरडेटा’ ५५ जीबी, ‘.एलआरकॅट-डेटा’ असा शेवट असलेला भाग १४ जीबी, आवृत्ती बदलताना मागे राहिलेले जुने कॅटलॉग ६ जीबी आणि मुख्य ‘.एलआरकॅट’ फाईल ५ जीबी. बारा वर्षांचे सगळे संपादन, कीवर्ड, मानांकने आणि कलेक्शन (निवडक छायाचित्रांचे गट) हे सगळे या शेवटच्या ५ जीबीत आणि तिच्या सोबतच्या १४ जीबीत मावलेले होते. उरलेले २१९ जीबी पुन्हा तयार करता येण्याजोगे, नाहीतर दुसरीकडे ठेवता येण्याजोगे होते.

या यादीतील दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत: ‘एलआरडेटा’ आणि ‘एलआरकॅट-डेटा’. पहिल्यात छायाचित्रांच्या तयार प्रतिमा असतात. त्या गेल्या तर वेळ जातो, काम जात नाही. दुसऱ्यात संपादनाचाच एक भाग असतो. दोन्ही नावांत ‘डेटा’ आहे, दोन्ही आकाराने मोठे आहेत आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे नावावरून निवाडा करणाऱ्याला त्यांच्यात फरक दिसत नाही. जागेच्या तंगीत माणूस साहजिकच सर्वांत मोठ्या गोष्टींकडे आधी पाहतो. परंतु कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये आकार आणि मोल यांचा मेळ नाही, ही या प्रकरणातली मध्यवर्ती बाब आहे आणि पुढचे सर्व निर्णय तिच्या आधारे घेतले.

स्लायडरचा आकडा आणि मास्कचे चित्र

लाइटरूमची पहिली आवृत्ती २००७ साली आली. तेव्हापासून तिचा कॅटलॉग हा एसक्यूलाइट या प्रकारचा डेटाबेस आहे. त्यात छायाचित्रे नसतात. छायाचित्र कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने आहे याची नोंद असते, आणि त्याच्यावर केलेल्या बदलांची नोंद असते. मूळ रॉ फाईलमधील प्रतिमेला कधी हात लागत नाही. एक्सपोजर वाढवले की डेटाबेसमध्ये एक आकडा बदलतो. हे आकडे प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एखाद्या रॉ फाईलशेजारची ‘.एक्सएमपी’ ही बदलांची नोंद ठेवणारी फाईल साध्या मजकुराच्या संपादकात उघडावी. तिच्यात ‘एक्सपोजर२०१२’, ‘हायलाइट्स२०१२’, ‘शॅडोज२०१२’ अशी नावे आणि त्यांच्यासमोर अधिक-उणे आकडे ओळीने दिसतात. नावातले २०१२ हे त्या वर्षी लाइटरूम ४ सोबत आलेल्या प्रक्रिया-पद्धतीचे वर्ष आहे. अशी फाईल बहुधा काही केबींची असते, तर तिच्या शेजारची रॉ फाईल पंचवीस-तीस एमबींची. एका छायाचित्रावर तासभर केलेले काम या काही केबींत बसते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कॅटलॉगकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असा माझा अनुभव आहे.

जोपर्यंत संपादन म्हणजे केवळ आकडे होते, तोपर्यंत ‘एलआरकॅट जपा, बाकीचे पुन्हा तयार होते’ हा सल्ला पुरेसा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाइटरूम क्लासिकची ११ वी आवृत्ती नव्या मास्कसह आली आणि परिस्थिती बदलली. ‘सब्जेक्ट निवडा’ किंवा ‘आकाश निवडा’ असे सांगितल्यावर संगणक छायाचित्र तपासून एक नकाशाच तयार करतो: कोणता पिक्सेल पक्ष्याचा, कोणता पार्श्वभूमीचा, आणि पिसांच्या कडेवरचा कोणता किती प्रमाणात दोन्हींचा. हा नकाशा म्हणजे एक प्रतिमाच असते आणि आकड्यांच्या यादीपेक्षा तिचे वजन कितीतरी अधिक असते. असा वजनदार तपशील मुख्य डेटाबेसबाहेर, ‘एलआरकॅट-डेटा’ या सोबतच्या भागात ठेवला जाऊ लागला. म्हणजे एकाच संपादनाचे दोन भाग झाले: मास्कच्या आत एक्सपोजर किती वाढवायचे हा आकडा एका ठिकाणी, आणि तो मास्क नेमका कुठवर पसरला आहे हे दुसऱ्या ठिकाणी.

पुढे या भागाचे महत्त्व वाढतच गेले. मे २०२४ मध्ये आलेली ‘जनरेटिव्ह रिमूव्ह’ ही सोय नको असलेली फांदी काढून तिच्या जागी नवे पिक्सेल निर्माण करते. मास्क हरवला तर तो निदान पुन्हा मोजून घेता येतो. निर्माण केलेले पिक्सेल हरवले आणि तीच आज्ञा पुन्हा दिली, तर मिळणारे उत्तर पहिल्यासारखे असेलच याची खात्री नाही. नॉइज (छायाचित्रातला दाणेदारपणा) कमी करण्याच्या एआय सोयीचेही तसेच झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये ती आली तेव्हा प्रत्येक वेळी एक स्वतंत्र डीएनजी (अडोबीचा रॉ प्रकार) फाईल तयार होत असे आणि ती बहुधा मूळ रॉपेक्षा बरीच मोठी असे. जून २०२५ च्या आवृत्तीपासून ही प्रक्रिया नवी फाईल न बनवता संपादनाचाच भाग म्हणून करता येते. बाहेरच्या डिस्कवरची जागा त्याने वाचते, पण संपादनाच्या तपशिलाचे वजन वाढते. या प्रकरणातील छायाचित्रकाराच्या डिस्कवर जुन्या पद्धतीच्या अशा शेकडो डीएनजी होत्या. त्यांपैकी बहुतेकांवर पुढचे संपादन झालेले असल्याने त्यांना हात लावायचा नाही असे ठरले.

बेताप्रमाणे ‘डेटा’ नावाच्या सर्व गोष्टी काढल्या असत्या, तर १६६ जीबी जागा मोकळी झाली असती. त्यांतल्या १५२ जीबींनी काही बिघडले नसते. उरलेल्या १४ जीबींबरोबर दोन वर्षांचे मास्क आणि दुरुस्त्या गेल्या असत्या.

हरवलेल्या जोडीचा शोध

लॅपटॉप बदलताना झालेल्या नुकसानीचा उलगडा येथे होतो. २०२३ च्या अखेरीस फक्त एलआरकॅट फाईल नव्या यंत्रावर आली, सोबतचा डेटा-भाग जुन्या डिस्कवरच राहिला. नव्या यंत्रावर कॅटलॉग उघडला, छायाचित्रे दिसली, स्लायडर जागच्या जागी होते, म्हणून सर्व ठीक असल्याचा समज झाला. मास्कची नावे आणि त्यांतील आकडेसुद्धा दिसत होते. नव्हता तो फक्त नकाशा. त्यानंतर केलेल्या कामासाठी नवा डेटा-भाग तयार होत गेला आणि तोच आज १४ जीबींचा झाला होता.

सुदैवाने जुनी डिस्क पुसलेली नव्हती. तिच्यावरचा डेटा-भाग उचलून आजच्या भागाच्या जागी ठेवावा, हा विचार सर्वप्रथम मनात येतो आणि तो तिथल्या तिथे सोडून द्यावा लागतो, कारण तसे केल्यास जुने मास्क परत येतील न येतील, पण नंतरच्या दोन वर्षांचे निश्चित जातील. डेटा-भाग आणि त्याचा एलआरकॅट यांची जोडी एका वेळची असावी लागते. दोन वेगवेगळ्या वेळचे भाग एकत्र जोडता येत नाहीत.

त्यामुळे मार्ग लांबचा घेतला. जुन्या डिस्कवरचा एलआरकॅट आणि त्याचा स्वतःचा डेटा-भाग या दोन्हींची प्रत एका रिकाम्या फोल्डरमध्ये घेतली आणि ती प्रत लाइटरूममध्ये उघडली. आवृत्ती जुनी असल्याने प्रोग्रॅमने श्रेणीवाढीची परवानगी मागितली आणि मूळ प्रत तशीच ठेवून नवा कॅटलॉग तयार केला. मास्क असलेली छायाचित्रे निवडून ‘एक्सपोर्ट ॲज कॅटलॉग’ या आज्ञेने त्यांचा छोटा कॅटलॉग वेगळा काढला. मग आजच्या कॅटलॉगची एक चाचणी-प्रत घेऊन तिच्यात ‘इंपोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’ चालवले. या आज्ञेत, आधीपासून असलेल्या छायाचित्रांचे काय करायचे असा प्रश्न येतो. तेथे फक्त मेटाडेटा (कीवर्ड, मानांकने यांसारखी माहिती) आणि डेव्हलप या संपादन-विभागातील बदल घ्यायचे असे निवडले, आणि सध्याचे बदल व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाईल न दुणावता त्याच छायाचित्राची दुसरी संपादन-नोंद) म्हणून जपण्याच्या पर्यायावर खूण केली. हा पर्याय विसरणे महागात पडते, कारण जुन्या कॅटलॉगमधील छायाचित्रावर नंतर सुधारणा झालेल्या असू शकतात आणि जुने संपादन त्यांच्यावर चढते.

हा खटाटोप सर्वच छायाचित्रांसाठी केला नाही, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. बहुतेक छायाचित्रांत मास्क साधा होता: पक्षी निवडलेला, पार्श्वभूमी किंचित गडद केलेली. तिथे ‘अपडेट एआय सेटिंग्ज’ ही आज्ञा अनेक छायाचित्रांवर एकदम देऊन नकाशा नव्याने मोजून घेणे पुरेसे होते. नव्याने मोजलेला मास्क जुन्याशी तंतोतंत जुळेल असे नाही, कारण निवड करणारी एआय प्रणालीही आवृत्तीगणिक बदलते. पण मोकळ्या आकाशात बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत हा फरक शोधून काढावा लागतो. गवताच्या पात्यांमागे अर्धवट लपलेला पक्षी असेल, तर मात्र नवा मास्क एखादे पातेच पक्ष्यात धरतो, आणि पूर्वी मास्कमध्ये हाताने केलेली वजाबाकी-बेरीज त्या नव्या कडांवर नीट बसत नाही. अशी, शिवाय छापून प्रदर्शित झालेली आणि म्हणून जशीच्या तशीच हवी असलेली छायाचित्रे लांबच्या मार्गाने आणली.

जागा मोकळी करण्याचा क्रम

सुरुवात प्रतीपासून केली. लाइटरूम बंद करून, फोल्डरमध्ये ‘-डब्ल्यूएएल’ आणि ‘.लॉक’ या शेवटाच्या फाईली उरलेल्या नाहीत हे पाहून, पूर्ण फोल्डर बाहेरच्या रिकाम्या डिस्कवर उतरवला. डब्ल्यूएएल फाईल म्हणजे डेटाबेसची चालू टिपणवही: ताजे बदल आधी तिच्यात लिहिले जातात आणि मग मुख्य फाईलमध्ये उतरतात. प्रोग्रॅम नीट बंद झाला की ती निघून जाते. बंद पडल्यानंतरही ती दिसत असेल, तर तिला कचरा समजून काढणे म्हणजे न उतरलेले बदल फेकून देणे आहे. अशा वेळी कॅटलॉग पुन्हा उघडून नीट बंद करावा.

त्यानंतर प्रश्नचिन्हांचे फोल्डर घेतले. जागेच्या प्रश्नाशी त्यांचा वरवर संबंध नाही, पण क्रमात ते आधी यायलाच हवेत. मूळ फाईल सापडत नसलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, प्रीव्ह्यू किंवा स्मार्ट प्रीव्ह्यू हाच त्याचा शेवटचा उरलेला अवशेष असण्याची शक्यता असते. स्मार्ट प्रीव्ह्यू ही लांब बाजूला २५६० पिक्सेलची, माहिती काही प्रमाणात दाबलेली डीएनजी असते आणि मूळ फाईल खरोखरच गेली असेल तर तिच्यावरून बऱ्यापैकी छायाचित्र बाहेर काढता येते. म्हणून हरवलेले सर्व काही सापडेपर्यंत एकही प्रीव्ह्यू काढू नये. येथे फाईली केवळ हललेल्या होत्या, त्यामुळे फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडले आणि नवी जागा दाखवली. त्याखालची सर्व छायाचित्रे एका फटक्यात जोडली गेली. छायाचित्रकार ती कॅटलॉगमधून काढून पुन्हा आयात करण्याच्या विचारात होता. तसे केले असते, तर छायाचित्रे नव्याने आली असती आणि कॅटलॉगमधील त्यांचे सारे संपादन गेले असते. नंतर ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ चालवून, एकही छायाचित्र बाकी नसल्याची खात्री केली.

मग बॅकअपचा फोल्डर. ६१ जीबींचे बॅकअप ज्या एसएसडीवर कॅटलॉग होता तिच्यावरच पडून होते, म्हणजे ती डिस्क गेली असती तर दोन्ही एकदम गेले असते. जुन्या झिप फाईली एकेक जीबीच्या होत्या आणि अलीकडच्या काही दहा जीबींपुढच्या, कारण बॅकअपमध्ये डेटा-भागही येतो आणि तोच फुगला होता. पूर्वी आठवड्याला एक बॅकअप घेऊनही जाणवत नव्हते ते आता का जाणवू लागले, याचे उत्तर येथे मिळाले. अलीकडच्या काही प्रती आणि लॅपटॉप बदलण्यापूर्वीची एक, एवढ्या बाहेरच्या डिस्कवर हलवून बाकीच्या काढल्या आणि बॅकअपचे ठिकाणही त्या डिस्कवर वळवले. हे ठिकाण बाहेर पडताना येणाऱ्या बॅकअपच्या खिडकीत बदलता येते. जुन्या आवृत्त्यांचे ६ जीबींचे कॅटलॉग त्याच डिस्कवर गेले.

वन-टू-वन प्रीव्ह्यू हा जागा खाणारा सर्वांत मोठा घटक होता. छायाचित्र शंभर टक्के आकारात लगेच दिसावे म्हणून ते तयार होतात, आणि निवड करण्याच्या आठवड्यात त्यांचा उपयोग खरोखरच मोठा असतो: डोळ्यावर फोकस आहे की चोचीवर हे हजार चित्रांत पाहायचे असेल, तर त्यांच्याविना काम होत नाही. ते काढून टाकण्याची मुदत कॅटलॉग सेटिंग्जमध्ये एक दिवस, एक आठवडा, तीस दिवस किंवा कधीच नाही, अशी ठरवता येते. येथे ‘कधीच नाही’ निवडलेले होते. सर्व छायाचित्रे निवडून ‘डिस्कार्ड वन-टू-वन प्रीव्ह्यूज’ दिले आणि पुढची मुदत तीस दिवसांची ठेवली. जागा लगेच मोकळी झालेली दिसली नाही, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडल्यावर दिसली. ९७ जीबींचे २९ जीबी झाले.

स्मार्ट प्रीव्ह्यूंच्या बाबतीत छायाचित्रकाराशी मतभेद झाला. प्रवासात मूळ डिस्क सोबत नसताना त्यांच्यावर संपादन करता येते, म्हणून ते सर्वच हवेत असे त्याचे म्हणणे होते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांवर प्रवासात काम करण्याची वेळ किती वेळा येते, हा प्रश्न विचारल्यावर शेवटी अलीकडच्या दोन वर्षांचे आणि निवडक कलेक्शनचे ठेवायचे असे ठरले. बाकीचे काढल्याने त्यांच्यावर केलेले संपादन जात नाही, कारण ते कॅटलॉगमध्ये असते. ५५ जीबींचे १२ जीबी उरले.

शेवटी मुख्य एलआरकॅट फाईल. तिचे ५ जीबी का झाले याचे मुख्य कारण हिस्ट्री हे होते. डेव्हलपमध्ये स्लायडर हलवला की एक पायरी नोंदली जाते आणि त्या पायरीसोबत त्या क्षणीच्या सर्व बदलांची स्थिती जपली जाते. एकेका छायाचित्रावर शंभरावर पायऱ्या साचलेल्या होत्या. पाच वर्षांपेक्षा जुन्या, काम संपलेल्या छायाचित्रांची हिस्ट्री ‘क्लिअर हिस्ट्री’ने काढली. यात संपादनाचा अंतिम परिणाम बदलत नाही, मागे जाण्याची वाट तेवढी बंद होते, म्हणून चालू कामावर ही आज्ञा देऊ नये. एवढे करूनही फाईलचा आकार कमी झाला नाही, कारण एसक्यूलाइटमध्ये नोंद काढली तरी तिची जागा फाईलच्या आत रिकामी पडून राहते. ‘ऑप्टिमाइझ कॅटलॉग’ चालवल्यावर फाईल आवळली जाते. हे काम सर्वांत शेवटी ठेवण्याचे कारणही यातच आहे: फाईल नव्याने आवळून लिहिताना एसक्यूलाइटला तिच्या आकाराच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. ९ जीबी शिल्लक असलेल्या डिस्कवर ५ जीबींच्या फाईलसाठी ती पुरली नसती. आवळल्यानंतर ती ३.४ जीबी झाली. संपूर्ण फोल्डर ५८ जीबींवर आला. डेटा-भाग मात्र पूर्वीइतकाच, १४ जीबी.

कॅमेरा रॉची कॅश (रॉ फाईली लवकर उघडाव्यात म्हणून ठेवलेला तात्पुरता साठा) या हिशेबात नाही, कारण ती कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये नसतेच. तिची कमाल मर्यादा प्रेफरन्सेसमध्ये ठरते आणि ती निर्धास्तपणे रिकामी करता येते.

एक्सएमपी कुठवर पुरते

संपादन कॅटलॉगबाहेरही नोंदलेले असावे, अशी सूचना या टप्प्यावर पुढे आली. रॉ छायाचित्रे निवडून मेटाडेटा फाईलमध्ये लिहिण्याची आज्ञा दिली की शेजारी एक्सएमपी फाईल तयार होते. कॅटलॉग पूर्ण गमावला तरी कीवर्ड, मानांकने आणि डेव्हलपमधील बदल तिच्यातून परत मिळतात. परंतु व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन, स्टॅक (एकावर एक रचून ठेवलेली छायाचित्रे) आणि हिस्ट्रीच्या पायऱ्या तिच्यात येत नाहीत. ज्याने एका छायाचित्राच्या रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन आवृत्त्या व्हर्च्युअल कॉपी म्हणून ठेवल्या आहेत, त्याची दुसरी आवृत्ती फक्त कॅटलॉगमध्येच राहते. एआय संपादनाचा वजनदार तपशील ठेवण्यासाठी अलीकडच्या आवृत्त्यांत ‘.एसीआर’ या शेवटाची वेगळी जोडफाईल दिसू शकते. तीही रॉ फाईलसोबतच हलवावी आणि तिचा बॅकअप घ्यावा. अनोळखी शेवट पाहून ती काढू नये.

हे लिखाण आपोआप होत राहावे की हाताने करावे, हे फाईलच्या प्रकारावर ठरवले. रॉसाठी एक्सएमपी वेगळी आणि छोटी असते. डीएनजी, जेपेग आणि टिफ यांच्यात मात्र ती माहिती फाईलच्या पोटातच लिहिली जाते, म्हणजे एक कीवर्ड बदलला तरी पूर्ण फाईल बदललेली ठरते आणि बॅकअपचा प्रोग्रॅम ती सबंध फाईल पुन्हा उतरवतो. शेकडो मोठ्या डीएनजी असलेल्या या संग्रहात ते परवडणारे नव्हते, म्हणून आपोआप लिहिणे बंद ठेवून काम संपलेल्या फोल्डरांसाठी हाताने लिहायचे ठरले.

कॅटलॉगची पुढची जागा

कॅटलॉग क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवावा, म्हणजे बॅकअप आपोआप होईल, असे छायाचित्रकाराने सुचवले. त्याला मी विरोध केला. एलआरकॅट, डेटा-भाग आणि डब्ल्यूएएल या गोष्टी एका क्षणाच्या असाव्या लागतात, तर क्लाउड सेवा प्रत्येक फाईल आपापल्या वेळी वर चढवते. प्रोग्रॅम चालू असताना अर्धी जोडी आत्ताची आणि अर्धी तासापूर्वीची चढली, तर परत घेताना २०२३ सारखीच स्थिती उद्भवते, आणि ती ओळखू यायलाही अवधी लागतो. बंद कॅटलॉगच्या झिप केलेल्या बॅकअप प्रती क्लाउडवर ठेवायला काहीच हरकत नाही, आणि तसेच केले. नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर कॅटलॉग ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, लाइटरूम तो तेथून उघडतच नाही. मूळ छायाचित्रे मात्र तेथे चालतात. येथे ५८ जीबींचा कॅटलॉग लॅपटॉपच्या एसएसडीवरच राहिला.

बॅकअपची चाचणी घेण्याचा आग्रह मी धरला. एक झिप वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडली, एलआरकॅट आणि डेटा-भाग दोन्ही आत असल्याचे पाहिले, कॅटलॉग तेथून उघडला आणि मास्क असलेली डझनभर छायाचित्रे डेव्हलपमध्ये तपासली. केवळ लायब्ररीतील जाळीत छायाचित्रे दिसतात एवढ्यावर चाचणी संपवू नये, कारण २०२३ मध्येही ती दिसतच होती. बॅकअपमध्ये मूळ छायाचित्रे आणि प्रीव्ह्यू नसतात, म्हणून ४ टीबी डिस्कची स्वतंत्र प्रत दुसऱ्या डिस्कवर सुरू केली.

दोन बाबी अजून प्रलंबित आहेत. जुन्या कॅटलॉगमधून आणलेल्या छायाचित्रांना प्रत्येकी एक व्हर्च्युअल कॉपी जोडली गेली आहे आणि दोहोंपैकी कोणती ठेवायची हे प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी ठरवावे लागणार आहे. ते पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क पुसायची नाही. दुसरी बाब डेटा-भागाच्या वाढीची. नॉइज कमी करण्याचे काम आता संपादनातच होत असल्याने येत्या हंगामानंतर १४ जीबींचे किती होतात हे दर महिन्याला टिपून ठेवायचे आहे, आणि बॅकअपची झिप बाहेर पडताना घेणे फार वेळखाऊ झाले तर प्रोग्रॅम बंद असताना संपूर्ण फोल्डरची प्रत घेण्याच्या पद्धतीकडे वळायचे आहे.